फेरारी ३७५ प्लस, चेसिस ०३८४: रेसचा इतिहास पक्का, मालकीचा कच्चा

या गाडीच्या मालकीचं हे प्रकरण कोर्टात गेलेलं आणि पेपरात गाजलेलं आहे, त्यामुळे गाडीचा नंबर लपवण्यात काही अर्थ नाही. माणसांची नावं मात्र मुद्दाम टाळलीयत, कारण गाडीवर हक्क सांगणारी दोन्ही मूळ माणसं आता हयात नाहीत आणि मागच्यांनी पुष्कळ मनस्ताप सोसलाय. रेसिंगमधली जगजाहीर नावं तेवढी ठेवली आहेत.

जुन्या गाड्यांची आवड असलेले आपण बहुतेकजण प्रोव्हेनन्स, म्हणजे गाडीचा मागचा इतिहास, म्हटलं की गाडी कुठे धावली, कोणी चालवली, कितवी आली एवढंच विचारतो. त्याच्या जोडीला दुसरी एक साखळी असते, गाडी कोणाकडून कोणाकडे कशी गेली त्याची. ह्या गाडीची पहिली साखळी बघून अंगावर काटा येतो आणि दुसरी बघून झोप उडते, म्हणून हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

१९५४ साली फेरारीनं ३७५ प्लस काढली. इंजिन फेरारीचा इंजिनिअर लाम्प्रेदी याच्या डिझाइनचं मोठं व्ही-१२, ४९५४ सीसी, सुमारे ३३० हॉर्सपॉवर, म्हणजे त्या काळातल्या टायर आणि ड्रम ब्रेकच्या भरवशावर असली ताकद हाकणं हे खरोखर छातीचं काम होतं. बॉडी पिनिन फारिना या इटलीतल्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची, उघडी दोन सीटची, आणि शेपटीकडे स्टेपनीसाठी एक उंचवटा, त्या उंचवट्यावरून ही गाडी जुन्या फोटोत लांबूनसुद्धा ओळखू येते. बनल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच. त्याच वर्षी ल मांची २४ तासांची शर्यत गोन्झालेस आणि त्रँतिन्याँ या जोडीनं ३७५ प्लसवर जिंकली, पावसात, जग्वारच्या नव्या डी-टाइपला जेमतेम चारेक किलोमीटरनं मागे टाकून. वर्षाच्या शेवटी मॅक्सिकोमधली कारेरा पानामेरिकाना मालिओलीनं जिंकली तीही ३७५ प्लसवरच.

आपली ०३८४ ही कारखान्याच्या टीमची गाडी. इटलीतली मिले मिलिया शर्यत धावली, ल मां धावली, आणि इंग्लंडमध्ये सिल्वरस्टोनला गोन्झालेसच्या हातात जिंकली. नंबरातच थोडी माहिती दडलेली आहे, त्या काळात फेरारी साधारणपणे रेसच्या गाड्यांना सम नंबर द्यायची आणि रस्त्यावरच्या गाड्यांना विषम, आणि पूर्ण नंबर ०३८४ एएम, त्यातलं शेवटचं एएम मोठ्या इंजिनच्या सिरीजसाठी. सीझन संपला की कारखाना वापरलेल्या रेसकार विकून टाकायचा, पुढच्या सीझनचा पैसा त्यातूनच उभा राहायचा. ही अमेरिकेला गेली, जिम किंबर्ली या टिश्यूपेपरच्या धंद्यातल्या बड्या घराण्यातल्या हौशी रेसरकडे, तिथून ओहायोतल्या दुसऱ्या एका रेसरकडे.

आणि मग १९५८ मध्ये ओहायोतल्याच, गाड्यांमध्ये रमणाऱ्या एका गृहस्थांनी ती २५०० डॉलरला घेतली. आज हा आकडा वाचून हळहळायला होतं, पण तेव्हा त्यात नवल नव्हतं. चार वर्षांत रेसकार म्हातारी व्हायची, तिला स्पर्धेत कोणी विचारायचं नाही आणि रस्त्यावर ती चालवणं म्हणजे डोकेदुखी, आणि २५०० डॉलरमध्ये त्या वर्षी नवीकोरी शेवरोले जवळपास येत होती, म्हणजे हौसेखातर त्यांनी काही कमी पैसे मोजले नव्हते. गाडी घरच्या आवारात ट्रेलरवर राहिली, उघड्यावर, आजूबाजूला झाडंझुडपं वाढली, वर्षं गेली. त्यांनी ती विकली नाही. काहीजण याला हेळसांड म्हणतात, मला ते पटत नाही. ज्या काळात असल्या गाड्या भंगारात तोडल्या गेल्या, इंजिनं काढून बोटीत बसवली गेली, त्या काळात एका माणसानं ती तीसेक वर्षं स्वतःजवळ ठेवली म्हणून तर आज ती आहे.

नेमका पेच काय झाला

१९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या फेरारींचे भाव वेड्यासारखे वर गेले, ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारल्यावर तर अजूनच. अंगणात गंजत पडलेल्या चेसिसची किंमत अचानक लाखो डॉलरमध्ये बोलली जायला लागली, आणि कुठली गाडी कुणाच्या आवारात पडून आहे हे या वर्तुळात माहीत असतंच. त्याच सुमारास ओहायोतून ही गाडी चोरीला गेली. जहाजानं बेल्जियमला पोचली, आणि १९९० मध्ये तिथल्या एका नामवंत फेरारी विक्रेत्यानं, जे स्वतः जुने रेसर होते, ती विकत घेतली. आपण प्रामाणिकपणे, पैसे मोजून घेतली असंच त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत होतं. त्यांनी ती नीट रिस्टोअरही केली.

चोर गाडी घेऊन गेले पण तिचे काही मूळ सुटे भाग, बॉडीचे तुकडे वगैरे ओहायोतच राहिले. म्हणजे चेसिस युरोपात आणि तिच्याच अंगाचे काही भाग अमेरिकेत. तो मुद्दा त्या दिवशी कोणाला मोठा वाटला नसेल, पण पुढची वीस-बावीस वर्षं सगळं भांडण त्याला चिकटून राहिलं.

आता कायद्याचा भाग, तो जरा सावकाश बघायला हवा कारण खरा तिढा इथेच आहे. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडेही नियम असा की ज्याच्याकडे मालकी नाही तो मालकी देऊ शकत नाही. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ काढून बघा, तेच सांगतं, काही अपवाद सोडले तर विकणाऱ्याकडे जेवढा हक्क तेवढाच घेणाऱ्याला. चोराकडे शून्य, म्हणून चोराकडून घेणाऱ्याकडेही शून्य, मग त्यानं कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असोत. बेल्जियमचा जुना दिवाणी कायदा मात्र फ्रेंच वळणाचा. तिथे जंगम वस्तूच्या बाबतीत प्रामाणिक माणसाचा कब्जा हाच मालकीसारखा धरला जातो, चोरीची वस्तू असेल तर मूळ मालकाला ती परत मागायला चोरीपासून तीन वर्षं मिळतात, आणि घेणाऱ्यानं ती बाजारात किंवा तसल्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर मूळ मालकानं त्याला त्याची किंमत चुकवून मगच ती न्यायची.

म्हणजे तीच गाडी, तोच चेसिस नंबर, पण ओहायोत उभं राहून बघितलं तर एक मालक आणि बेल्जियममध्ये उभं राहून बघितलं तर दुसरा. आणि दोघांपैकी कोणीही उघड खोटं बोलतोय असं म्हणता येत नाही.

ही तीच गाडी हे ठरवायचं कसं

थोडं विषयांतर वाटेल पण ह्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे आरटीओत गाडी पासिंगला नेली की चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात, तेच काम इथे कोट्यवधींच्या गाडीवर होतं, फक्त बघणाऱ्याची नजर जास्त बारीक. नंबर फ्रेमच्या पुढच्या भागातल्या नळीवर ठोकलेला असतो. आकड्यांचं वळण त्या सालच्या कारखान्याच्या नंबर ठोकायच्या पंचाशी जुळतं का, आकडे एका ओळीत आहेत का, भोवतीच्या धातूवर ग्राइंडर फिरल्याच्या खुणा आहेत का, नळी मधेच कापून जोडलीय का, वेल्डिंग त्या काळचं आहे की नंतरचं. मग इंजिनचा नंबर, गिअरबॉक्सचा नंबर, आणि मारानेलोतल्या कारखान्याच्या बिल्ड शीटवर तेव्हा काय लिहिलं गेलं होतं ते. त्यानंतर जुने फोटो, कुठल्या रेसला कुठे पोचा पडला होता, रिव्हेटची ओळ कुठून सुरू होते, हवेसाठी पाडलेल्या फटी किती.

यातून गाडी कोणती ते कळतं. गाडी कोणाची ते यातलं काहीच सांगत नाही. रेसकारच्या बाबतीत तर कागद फार वेळा एखाद्या साध्या खरेदी पावतीपुरतेच असतात कारण ती रस्त्यावरच्या गाडीसारखी नोंदवलेली नसते, हातात पैसे दिले, पावती लिहिली, ट्रेलरला जोडली आणि नेली.

समोर कुठले पर्याय होते

ओहायोच्या मालकांसमोर पहिला रस्ता फौजदारी. चोरीची तक्रार, एफबीआय, तिथून बेल्जियमचे पोलीस. तो चालून झाला, चौकशी झाली, पण गाडी बेल्जियममध्ये नव्या मालकाकडेच राहिली. दुसरा रस्ता बेल्जियममध्ये जाऊन दिवाणी दावा, परका देश, परकी भाषा, तीन वर्षांची मुदत आणि तिथला कायदा कब्जेदाराच्या बाजूला झुकणारा. तिसरा, ओहायोत दावा लावायचा, तिथे जिंकायची शक्यता चांगली, पण ओहायोच्या कोर्टाचा हुकूम बेल्जियममधल्या गॅरेजचं कुलूप उघडत नाही. चौथा, तडजोड.

बेल्जियमच्या गृहस्थांची बाजूही तेवढीच अडकलेली होती हे मान्य करायला पाहिजे. गाडी हातात, तिथल्या कायद्याचा आधार, पण जगात बाकी कुठे नेता येईना. अमेरिकेच्या किंवा इंग्लंडच्या बंदरात उतरवली तर जप्तीची भीती, म्हणजे मोठ्या इव्हेंटला नाही, मोठ्या लिलावात नाही, आणि ज्याच्याकडे एवढे पैसे आहेत तो गिऱ्हाईक वकिलाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. शिवाय मूळ सुटे भाग समुद्रापलीकडे.

दोघांकडेही अर्धी-अर्धी गाडी होती असं म्हटलं तरी चालेल, वस्तू म्हणून नाही तर हक्क म्हणून.

काय केलं गेलं

१९९९ मध्ये तडजोड झाली. बेल्जियमच्या बाजूनं ६,२५,००० डॉलर दिले गेले, एका मध्यस्थामार्फत, आणि त्या बदल्यात ओहायोच्या बाजूनं गाडीवरचा हक्क सोडायचा आणि सुटे भागही द्यायचे असा त्या बाजूचा दावा. इथे सगळं संपायला हवं होतं. पण भाग गेले नाहीत, आणि मध्यस्थाला नेमका किती अधिकार होता, मालकांची खरी संमती कशाला होती, यावर कुटुंबानं नंतर प्रश्न उभे केले. २००३ मध्ये ओहायोचे मालक वारले आणि हक्क मुलीकडे आला.

मला विचाराल तर ह्या प्रकरणाचा सगळ्यात नाजूक क्षण चोरीचा नाही, हा १९९९ चा आहे. वडिलोपार्जित जमीन विकताना एका भावाची सही राहिली तर पुढच्या पिढीत तोच कागद घेऊन कोणीतरी तलाठ्याच्या दारात उभं राहतं, तसंच इथे झालं. रक्कम मोठी होती, हेतूही मिटवण्याचाच असावा, पण पैसे एका रस्त्यानं गेले आणि वस्तू दुसऱ्या रस्त्यानं यायच्या होत्या, आणि मधे तिसरा माणूस.

२०१० मध्ये बेल्जियमच्या गृहस्थांनी ओहायोत, हॅमिल्टन काउंटीच्या कोर्टात दावा लावला की करार झालाय, आता भाग द्या आणि मालकी मान्य करा. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते वारले, आणि त्यांच्या बाजूनंही मुलगी उभी राहिली. ज्या दोघांनी व्यवहार केला ते दोघेही नाहीत आणि दोन मुली वडिलांच्या कागदांवरून भांडतायत, ज्या खोलीत त्या कधी बसल्याच नव्हत्या तिथे काय बोलणं झालं ते वकील सांगणार. शिवाय वाटेत ओहायोच्या बाजूनं आर्थिक हितसंबंध असलेले आणखीही लोक जोडले गेले होते.

२०१३ मध्ये शेवटी दोन्ही मुली आणि हे जोडले गेलेले लोक अशा चार पक्षांनी एक करारनामा केला. कोण खरा मालक यावर निकाल घेत बसायचं नाही, गाडी आणि ओहायोतले भाग एकत्र आणायचे, एका मोठ्या लिलावघरामार्फत विकायचे आणि पैसे वाटून घ्यायचे. ही कल्पना मला मनापासून आवडते. निकाल लागला असता तर एक बाजू पूर्ण बुडाली असती, आणि भाग आणि चेसिस कदाचित कधीच एकत्र आले नसते.

निकाल

२७ जून २०१४ ला इंग्लंडमध्ये गुडवुडला लिलाव झाला. चेसिस आणि ओहायोतले भाग एकाच लॉटमध्ये. हातोडा पडला आणि प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्यानं लिलावघराला वर द्यायची रक्कम, धरून किंमत झाली १,०७,५३,५०० पौंड, तेव्हाच्या दरानं शंभर कोटी रुपयांच्या वर. घेणारा पक्ष निघाला एका ओहायोच्याच उद्योगपतीचा.

पण ह्यानंही विषय संपला नाही. करारनाम्यातल्या पक्षांमध्येच वाटणीवरून आणि कराराच्या बंधनावरून ओहायोत कोर्टबाजी चालू होती, आणि घेणाऱ्याच्या बाजूचं म्हणणं असं पडलं की आम्हाला निर्वेध मालकी देऊ असं सांगून विकलंत आणि इथे तर दावे जिवंत आहेत, तेव्हा व्यवहार रद्द करा, पैसे परत द्या. लिलावघराचं म्हणणं अर्थातच वेगळं. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं, सगळे पक्ष एकमेकांवर, आणि अखेर कोर्टाबाहेर तडजोड झाली.

२५०० डॉलरची पावती ते लंडनचं हायकोर्ट, मधे साठेक वर्षं. एवढ्या काळात ह्या गाडीच्या सिल्वरस्टोनच्या विजयावर कोणीच शंका घेतली नाही. लिलावाच्या जाहिरातीत मिरवला गेला तो रेसचा इतिहास, आणि भांडणं झाली ती सगळी दुसऱ्या साखळीवरून.

वेगळं काय करता आलं असतं

ओहायोच्या मालकांना दोष द्यायला जीभ रेटत नाही, तरी दोन गोष्टी. भाव वर जायला लागले तेव्हा गाडी कुलपाच्या आत गेली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, हे उघड आहे. दुसरी कमी उघड आहे, चोरीनंतरचे पहिले काही महिने. बेल्जियमसारख्या ज्या देशात गाडी जाऊ शकते तिथे तीन वर्षांची मुदत चालू झालेली असते, त्यामुळे फक्त पोलिसांत तक्रार पुरत नाही. कारखान्याला, ओनर्स क्लबना, चेसिस रजिस्टर चालवणाऱ्यांना, मोठ्या डीलरना आणि लिलावघरांना लेखी कळवायला हवं, पावतीची प्रत आणि फोटो जोडून, म्हणजे त्यानंतर घेणारा कोणीही मला माहीत नव्हतं असं सहजी म्हणू शकत नाही. प्रामाणिक खरेदीचा बचाव तिथेच ढिला पडतो. तेव्हा इंटरनेट नव्हतं, पत्रं आणि फॅक्सवर काम चालायचं, पण रेसिंग फेरारींचं जग तेव्हा आणि आताही फार लहान आहे.

बेल्जियमच्या बाजूनं १९९० मध्ये विचारायचा प्रश्न एकच होता, १९५४ ते १९९० मधला प्रत्येक मालक सांगा आणि शेवटच्या मालकाची सही दाखवा. कारखान्याच्या टीमची, एवढ्या थोड्या गाड्यांपैकी एक अमेरिकेतून अचानक येते, तर मधली तीस वर्षं ती कुठे होती हे विचारल्याशिवाय पैसे देऊच नयेत. त्यांनी किती विचारलं हे मी ठरवणारा कोण, पण आज कोणी अशा जागी असेल तर त्यानं विचारावं.

१९९९ ची तडजोड माझ्या मते एका खोलीत व्हायला पाहिजे होती. मालक स्वतः हजर, त्यांचा स्वतंत्र वकील हजर, घरच्या वारसांच्या सह्या, सुटे भाग मोजून, फोटो काढून, यादी करून तिथेच ताब्यात, आणि मग पैसे थेट मालकांच्या खात्यात. मध्यस्थ असायला हरकत नाही, पण त्याच्या हातातून पैसा आणि हक्क दोन्ही जाता कामा नये. एक दिवस जास्त गेला असता, चौदा वर्षं वाचली असती.

२०१३ च्या एकत्र विक्रीच्या निर्णयाबद्दल मी वर लिहिलंच, तो बरोबर होता, क्रम चुकला असं मला वाटतं. आधी सगळ्या कोर्टातले दावे कायमचे काढून टाकल्याचे हुकूम, मग कॅटलॉग, मग हातोडा. वाटणीचे टक्के आधीच आकड्यांत लिहिलेले हवेत, कारण दहा मिलियनचा आकडा समोर आल्यावर सगळ्यांचीच आधीची आठवण बदलते. आणि वाद आहे किंवा होता हे कॅटलॉगमध्ये रेसच्या निकालांइतक्याच ठळकपणे छापायला हवं, त्यानं किंमत थोडी उतरली असती तर उतरू द्यायची.

आपल्याकडे कोणी जुनी इंपोर्टेड गाडी घेत असेल, मग ती चोवीस कॅरेटची फेरारी नसून एखादी फियाट ११०० असली तरी, आरसी बुकातलं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का बघा, मूळ मालक वारले असतील तर सगळ्या वारसांचं ना-हरकत पत्र घ्या, चेसिस नंबरचा पेन्सिलचा ठसा स्वतः काढा आणि सौद्याच्या कागदाला चिकटवून दोघांनी त्यावर सही करा. आणि गुडवुडसारख्या मोठ्या सौद्यात उतरणाऱ्यानं पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत तिऱ्हाइताकडच्या खात्यात, टाकावेत, सगळे दावे मागे घेतल्याच्या कोर्टाच्या शिक्क्याच्या प्रती हातात पडेपर्यंत ते तिथून हलू देऊ नयेत.